खंडेनवमीचा कॅलक्युलेटर

अंकुश परातेच्या घरात हत्यार म्हणावं अशी एकच वस्तू उरली होती, आणि ती सप्तमीच्या सकाळी मेली.

तशी शांतपणेच गेली. सिंधूताईंनी, म्हणजे अंकुशच्या आईनं, नवमीच्या पूजेची तयारी काढली होती. पाट धुतला, लाल कापड उन्हात टाकलं, मागावरचा जुना लाकडी धोटा तेलाचं बोट फिरवून चकचकीत केला, आणि कपाटातून सायंटिफिक कॅलक्युलेटर काढून अंकुशच्या हातात दिला. "हे पुसून ठेव, अन् चालू हाय का पाहून घे." अंकुशनं बटण दाबलं. मग जोरात दाबलं. मग कॅलक्युलेटर तळहातावर आपटून दाबलं, कारण आपल्याकडे यंत्राला आधी विनंती करतात आणि मग चापट मारतात. स्क्रीन कोरी ती कोरीच.

"चालू हाय ना गा?" आतून आवाज आला.

"एकदम," अंकुश म्हणाला, आणि इथून पुढचं सगळं या एका शब्दामुळे घडलं.

पराते मूळचे विणकर. नागपुरात गोळीबार चौकाच्या बाजूला त्यांचा हातमाग होता आणि खंडेनवमीला त्या मागाची पूजा होई. माग गेला, धोटा तेवढा राहिला. पुढं अंकुश सिव्हिल इंजिनियर झाला, शहराच्या कडेला बेसाला फ्लॅट आला, तेव्हा पूजेत काय ठेवायचं हा प्रश्न सिंधूताईंनी एका वाक्यात सोडवला: "ज्याच्यावर घर खाते, त्याले पुजा." तेव्हापासून दर वर्षी कॅलक्युलेटरला हळद, कुंकू, अक्षता, फूल आणि वरून पळीभर पाणी. त्याच्या साइन-कॉसच्या बटणांमधल्या भेगा आता पिवळ्याजर्द झाल्या होत्या, आणि वरच्या छोट्या सोलर पट्टीवर कुंकवाचा इतका पक्का थर बसला होता की सूर्याला तिथं प्रवेश नव्हता.

या पूजेला अट एकच. हत्यार चालू पाहिजे. ही अट सिंधूताईंनी कुठल्या पोथीत वाचलेली नव्हती, भोगलेली होती. एका वर्षी व्यापाऱ्याकडून सूत आलं नाही आणि नवमीला माग उभा राहिला. सासरे म्हणाले, तसाच पुजू, देव समजून घेईन. देवानं समजून घेतलं असावं. माग मात्र त्यानंतर कधी चालला नाही.

अंकुश अंधश्रद्धा मानत नव्हता. पण नोकरी मानत होता. वर्धा रोडवरच्या एका बिल्डरच्या ऑफिसात बसून तो कोणत्या इमारतीला किती विटा, किती रेती, किती लोखंड लागेल ते काढत असे. त्याच्या विभागात चार खुर्च्या होत्या. उन्हाळ्यात कंपनीनं 'सुसूत्रीकरण' सुरू केलं, आणि आता खुर्च्या चारच होत्या, पण बसणारा अंकुश एकटा. दसरा झाल्यावर साहेब उरलेल्या विभागाचं काय ते ठरवणार होते. उरलेला विभाग म्हणजे आपण, हे त्याला खुर्च्यांकडे पाहून कळलं होतं. सिंधूताईंना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण त्या हल्ली त्याच्या डब्यात दोन पोळ्या जास्त घालत, म्हणजे कळलेलं होतं.

आणि अशा वर्षी हत्यार बंद.

यात एक बारीकशी अडचण आणखी होती. ऑफिसात हा कॅलक्युलेटर कुणी पाहिलेलासुद्धा नव्हता. तिथं सगळे हिशेब लॅपटॉपवर होत. ज्याच्यावर घर खात होतं तो कॅलक्युलेटर, कॉलेज संपल्यापासून, संस्थानिकाच्या म्हाताऱ्या हत्तीसारखा फक्त मिरवणुकीपुरता बाहेर निघत होता. हे आईला सांगायचं राहून गेलं होतं, आणि आता सांगायला मुहूर्त बरा नव्हता.

"नवा घेऊन ये ना," गुंजन म्हणाली. गुंजन म्हणजे त्याची बायको. ती बँकेत होती, आणि समोरचा माणूस अडचणीत आहे हे तिला त्या माणसाच्या आधी कळत असे.

"नवा चालत नाही. घट बसल्यावर आणलेलं हत्यार त्या वर्षी नाही ठेवत. आई म्हणते, त्यानं अजून कमावलं काय?"

"मग सेल बदल."

"तेच करून राहिलो."

"करून कुठं राहिला? मघापासून त्याच्याकडे पाहून राहिला तू."

"स्क्रू लई बारीक हाय वं."

"इंजिनियर ना तू? दोन पूल बांधले म्हणून लग्नाच्या वेळी सांगितलं होतं."

"पुलाले स्क्रू नसते," अंकुश म्हणाला, आणि दुखावलेल्या मनानं शेजारी गेला.

शेजारचे भैय्याजी वीज खात्यातून निवृत्त झाले होते. इतर माणसं खिशाला पेन लावतात, भैय्याजी टेस्टर लावत. लग्नाच्या पंगतीतही लावत. अंकुशनं त्यांना मदत मागितली नव्हती. स्क्रूचा बारीक पेचकस आहे का, एवढंच विचारलं होतं. पण नागपुरात अवजार एकटं उसनं मिळत नाही, मालक सोबत येतो. भैय्याजींनी त्याला गॅलरीत बसवलं, चष्म्यावर भिंग धरलं आणि कॅलक्युलेटर पालथा घालून बराच वेळ पाहिला.

"अंकुश, हे स्क्रू नाही गा."

"मग?"

"हे देऊळ हाय."

प्रत्येक स्क्रूच्या खाचेत हळद, कुंकू, तेल आणि पाणी यांचा वर्षानुवर्षांचा गिलावा बसून पक्का झाला होता. असा गिलावा अंकुशच्या कंपनीला आजवर कुठल्याच इमारतीत जमला नव्हता. भैय्याजींनी सुई मागवली, मग टाचणी, मग खोबरेल तेलाचा थेंब. तेल आत मुरेपर्यंत थांबावं लागेल, असं त्यांनी सांगितलं, आणि थांबण्याच्या वेळेत काटोलच्या सबस्टेशनवर एकदा घोरपड कशी शिरली होती ते सांगितलं. घोरपड शिरली त्याचं सविस्तर सांगितलं. बाहेर निघाल्याचं सांगायच्या आत तेल मुरलं.

झाकण निघालं. आत थोडी हळद, झेंडूची एक चपटी पाकळी आणि एका सेलच्या बरोबर खाली, जणू मापानं बसवावी तशी, एक अक्षता. बंद झाकणातून तांदळाचा अख्खा दाणा आत कसा गेला, याला दोघांनी आदरानं हात जोडले. मग भैय्याजींनी बटणाएवढे दोन सेल काढले आणि अंकुश काही बोलायच्या आत एकेक करून जिभेवर ठेवून पाहिले.

"मेले नाही. थंडावले हाय."

"भैय्याजी, सेल थंडावत नसते."

"तू सिव्हिलवाला. तुले वाळूतलं समजते, करंटातलं नाही. उन्हात ठेव. आम्ही रेडिओचे सेल उन्हात ठेवून ठेवून क्रिकेटची अख्खी मालिका आयकली."

"जिंकलो होतो?"

"ते आखरी दिवशी ऊन नव्हतं."

अंकुशला माहीत होतं की असं काही होत नाही. पण माहीत असणं आणि भैय्याजींना नाही म्हणणं यांत फरक आहे. दुपारी त्यानं स्टीलच्या ताटलीत दोन सेल ठेवून ताटली गच्चीवर नेली, आणि स्वतः पाण्याच्या टाकीच्या सावलीत राखणीला बसला. नागपूरच्या ऑक्टोबरच्या उन्हात भर दुपारी गच्चीवर कुणी नसतं. फक्त कावळे असतात आणि ज्यांची नोकरी धोक्यात आहे ते असतात. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, की पहिल्या मजल्याच्या विटांचा आकडा परत पाठव. अंकुशनं फोनसाठी पाठ फिरवली आणि कावळ्यानं एक सेल उचलला. अंकुश ओरडत धावला, तेव्हा त्याच्या पायानं ताटली उडाली आणि दुसरा सेल घरंगळत जाऊन पावसाच्या पाण्याच्या नळीत पडला. नळीतून बराच वेळ टणटण आवाज येत राहिला. इमारत चांगलीच उंच आहे हे त्यावरून कळलं.

"कावळ्यानं नेला म्हणजे शुभ हाय," भैय्याजी म्हणाले. हा निष्कर्ष त्यांनी पिंडाच्या जेवणावरून काढला होता, म्हणून अंकुशनं पुढं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. अंकुशनं ऑफिसात 'साइटवर आहे' असं कळवलं आणि इतवारीच्या ठोक बाजाराला निघाला. म्हणजे नोकरी वाचवण्यासाठी त्यानं नोकरीला दांडी मारली. शहरात दसऱ्याची गर्दी उतरायला लागली होती, मंडपांनी अर्धे रस्ते घेतले होते, उरलेल्या अर्ध्यांवर पोलीस होते. एका पोलिसानं त्याला दुसऱ्याकडे वळवलं आणि दुसऱ्यानं पहिल्याकडे. पहिल्यानं त्याला ओळखलं आणि हात केला. शेवटी स्कूटर एका भांड्यांच्या दुकानासमोर लावून, हातगाड्या आणि टेंपोंच्या मधून तो पायीच त्या गल्लीत पोचला, जिथं सेल, बल्ब आणि रिमोट ठोक भावात मिळत.

"सेल पाहिजे होते. बारीकवाले."

"नंबर?" दुकानदार मान वर न करता म्हणाला.

"नंबर सेलवर होता."

"मग सेल दाखवा."

"एक कावळ्यानं नेला."

"अन् दुसरा?"

"नळीत हाय."

आता दुकानदारानं मान वर केली. अंकुशनं अंगठा आणि बोट जवळ आणून माप दाखवलं. इंजिनियर असल्यानं माप आत्मविश्वासानं दाखवलं.

"भाऊ, एवढा तं पेढा असते."

अंकुशनं बोटं जवळ आणली.

"अन् हे साबुदाणा झाला. नेमकं सांगा. घड्याळातला का? कानाच्या मशीनचा? ताप पाहाच्या थर्मामीटरचा? का पोरांच्या बुटात लाइट लागते, तो?"

"कॅलक्युलेटरचा."

"कॅलक्युलेटर तर मोबाइलमधे असते ना," दुकानदार म्हणाला. अंकुश एवढ्या लांबून आला होता, रिकाम्या हातानं परतणार नव्हता. त्यानं प्रत्येक जातीचा एकेक सेल मागितला. त्यावर दुकानदार दुखावला. इतवारीत एक सेल मागणं म्हणजे लग्नात जाऊन एक भाताचं शीत मागण्यासारखं असतं. अंकुश प्रत्येक जातीचा एकेक अख्खा पत्ता, म्हणजे सेलांची भरलेली पट्टी, घेऊन निघाला. आता त्याच्याजवळ बेसातली सगळी घड्याळं, सगळे कान आणि सगळे बूट दीर्घकाळ चालवण्याइतकी वीज होती.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा भैय्याजी खाली पार्किंगमध्ये वाट पाहतच उभे होते. वर घरात सिंधूताई असल्यानं शस्त्रक्रिया भैय्याजींच्या स्कूटरच्या सीटवर झाली. घड्याळाचा सेल आत हरवला, तो काढावा लागला. कानाचा बसेना. थर्मामीटरचा सैल. बुटातले दोन मात्र टक् टक् करून असे बसले, जणू त्यांचा जन्म त्याचसाठी झाला होता. अंकुशनं श्वास धरून बटण दाबलं.

स्क्रीनवर शून्य आलं.

"झिरो आला गा!" भैय्याजी ओरडले. दोन शिकलेल्या माणसांना शून्याचा इतका आनंद झालेला त्या पार्किंगनं कधी पाहिला नव्हता. भैय्याजींनी टेस्टर कपाळाला लावला. अंकुशनं झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि कॅलक्युलेटर छातीशी धरून तो लिफ्टकडे जवळजवळ पळतच गेला. वर आई पाट मांडत असेल, आणि आपण सहज म्हणू, घे, पुसून ठेवला.

लिफ्टचं दार उघडलं आणि आतून गरबा बाहेर आला.

अष्टमीचा गरबा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या तुळजाबाई सगळ्यांत पुढं, घेरदार घागरा, दोन्ही हातांत टिपऱ्या, मागं मजलाभर बायका. लिफ्ट सहा माणसांची होती, पण घागऱ्यांबद्दल त्या पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं. तुळजाबाईंनी "अहो पराते, सरका" म्हणताना टिपरीनं दिशा दाखवली, टिपरी अंकुशच्या कोपराला लागली, कॅलक्युलेटर निसटला, उंबरठ्यावर कडेनं पडला आणि क्षणभर तिथंच उभा राहिला. लिफ्ट आणि जमीन यांच्यामध्ये एक फट असते. तिचं काय काम, याचा विचार अंकुशनं आजवर केला नव्हता. कॅलक्युलेटर अगदी सावकाश, आडवा न होता, त्या फटीत शिरला.

खालून एकच आवाज आला. मग गरबा पुढं निघून गेला.

सेक्रेटरी ओमप्रकाश नियमानं चालणारा माणूस होता. सोसायटीचा गणपतीसुद्धा त्यानं पावतीशिवाय विसर्जित केला नसता. त्यानं फटीत टॉर्च मारून पाहिलं, मग अंकुशकडे टॉर्च मारून पाहिलं.

"पराते जी, खालच्या पिटमधे फक्त लिफ्ट कंपनीचा माणूस उतरू शकते. अन् तो दसऱ्यासाठी गावाले गेला."

"मी उतरतो ना. दोन मिनिटांचं काम हाय."

"तुम्ही उतरले, अन् वरून लिफ्ट आली तं?"

"तं?"

"तं मले दोन अर्ज घ्या लागतीन. एक कॅलक्युलेटरचा, एक तुमचा."

सुरक्षिततेसाठी लिफ्ट बंद करण्यात आली, आणि ओमप्रकाशनं सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला, की परातेंकडील पिटमध्ये पडल्यामुळे दसऱ्यापर्यंत लिफ्ट बंद राहील. काय पडलं ते लिहायचं घाईत राहून गेलं. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, कोण पडलं? दुसऱ्यानं लिहिलं, परातेंकडचे. त्यानंतर हात जोडलेली चित्रं सुरू झाली. कुणी ओम शांती लिहिलं, कुणी दिवा पाठवला. पाचव्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांनी 'फार प्रेमळ होते, लिफ्टमध्ये नेहमी हसायचे' असं लिहिलं. अंकुशनं जिन्यातच उभं राहून टाइप केलं: कॅलक्युलेटर पडला आहे. त्याखाली लगेच उत्तर आलं: धीर धरा.

चौथ्या मजल्यापर्यंत तो पायी चढला. वाटेत दर मजल्यावर कुणी ना कुणी दारात उभं राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवी. दुसऱ्या मजल्यावर त्याला चहा मिळाला. तो प्यायला, कारण दमला होता.

घरात सोफ्यावर तुळजाबाई बसल्या होत्या. गरबा अर्धा टाकून आल्या होत्या आणि सिंधूताईंचा हात हातात धरून मान खाली घालून बसल्या होत्या. गुंजन दाराशी उभी होती आणि तिचा चेहरा हसू दाबणाऱ्या बँक कर्मचाऱ्याचा झाला होता.

"आला का गा," सिंधूताई शांतपणे म्हणाल्या. "तुळजाबाई म्हणते, आपल्या घरचं कोणी गेलं. मी मघापासून मोजून राहिली. मी हाव. गुंजन हाय. तू आला. कोण गेलं?"

आता 'एकदम' म्हणायला जागा नव्हती. अंकुशनं सगळं सांगितलं, सप्तमीपासून, कावळ्यासकट. तुळजाबाई ऐकता ऐकता टिपऱ्या सोफ्याखाली सरकवत होत्या. सिंधूताईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एकच विचारलं.

"पडला तवा चालू होता?"

"चालू होता. झिरो दाखवत होता."

"झिरो म्हणजे काहीच नाही ना?"

"नाही तसं नाही आई, झिरो म्हणजे तयार असते तो."

सिंधूताईंनी पाटावरचा धोटा उचलून मांडीवर घेतला. "तवा तुझ्या आबालेही मी म्हटलं होतं, थांबलेलं पुजू नका. मी नवी सून. माहं कोण आयकते." एवढं बोलून त्या धोटा उगाच पदरानं पुसत बसल्या, आणि अंकुशला आपली नोकरी पहिल्यांदाच खरोखर गेल्यासारखी वाटली.

"माझा मोबाइल ठेव ना पूजेत," तो म्हणाला.

"ते खर्चाचं हत्यार हाय. त्याच्यातून जाते. येत काहीच नाही."

"लॅपटॉप?"

"तो कंपनीचा. दुसऱ्याचं हत्यार पुजलं तं फळ त्याले लागते."

मग उघड्या दारातून भैय्याजी आत आले, टेस्टर दोन्ही तळहातांवर आडवा धरून. "ताई, हा ठेवा. चालू हाय. आत्ताच तुमच्या घंटीच्या वायरीले लावून पाह्यला." सिंधूताईंनी त्यांना पाणी दिलं आणि टेस्टर परत त्यांच्या खिशाला लावला. सेवानिवृत्ताचं हत्यार म्हणजे पेन्शन, आणि पेन्शन दुसऱ्याच्या पाटावर ठेवत नाहीत, असं त्यांचं मत पडलं. जेवणं झाली. झोपायला जाताना सिंधूताई म्हणाल्या, "सकाळी आंघोळ करून धुतलेल्या कपड्यात ये."

नवमीच्या सकाळी अंकुश धुतलेला सदरा घालून आला. आई धोटाच पुजणार, अशी त्याची समजूत होती. पाटावर लाल कापड होतं, समोर समई, तबकात हळद-कुंकू, शिऱ्याची वाटी. धोटा मात्र पाटाच्या बाजूला एका छोट्या चौरंगावर ठेवला होता, आणि पाट रिकामा होता. दारात भैय्याजी होते. ओमप्रकाश लिफ्टच्या अर्जावर सही घ्यायला आला होता, तोही चप्पल काढून थांबला. तुळजाबाई कालच्या सांत्वनाची भरपाई म्हणून नारळ घेऊन आल्या होत्या.

"बस," सिंधूताई म्हणाल्या.

"कुठं?"

"पाटावर. अजून कुठं?"

"आई, मी?"

"ज्याच्यावर घर खाते त्याले पुजायचं. ते मशीन तर कपाटातच राहत होतं, मले काय दिसत नाही का? दर आठवड्याले कपाट मीच पुसते ना."

अंकुश बसला. आपण इतकी वर्षं जपलेलं रहस्य आई दर आठवड्याला पुसत होती, हे पचवायला बसणंच बरं होतं. सिंधूताईंनी त्याच्यावर फुलानं पाणी शिंपडलं. कपाळाला हळद लावली, त्यावर कुंकू. डोक्यावर अक्षता टाकल्या, त्यातली एक कानात गेली. झेंडूची माळ गळ्यात आली. अंकुश डोळे मिटणार, तेवढ्यात त्यांनी हात थांबवला.

"पण चालू हाय का ते आधी पाहा लागते. तेरा सत्ते किती?"

खोलीत शांतता पसरली. अंकुशच्या डोक्यातही पसरली. तो टनावारी लोखंडाचे आकडे देत असे, पण ते आकडे लॅपटॉप काढी; तो फक्त चौकटीत बोट ठेवी. तेरा सत्ते. शहाऐंशी? त्र्याण्णव? त्यानं गुंजनकडे पाहिलं. गुंजनचे ओठ हलू लागले.

"तू सांगू नको वं," सिंधूताई मागं न बघता म्हणाल्या. "हत्यार त्याचं त्यानंच चालते."

समईची ज्योत हलली. भैय्याजींनी खिशावर हात ठेवला. सिंधूताईंचा कुंकवाचा हात हवेत तसाच थांबला होता. तेव्हा अंकुशनं सगळी लाज सोडली आणि दुसरीतल्या पोरासारखं पहिल्यापासून सुरू केलं.

"तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस." इथं त्यानं श्वास घेतला. "तेरा चोक बावन्न. तेरा पाचे... पासष्ट." ओमप्रकाशही ओठांतल्या ओठांत म्हणू लागला होता. "तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा सत्ते एक्क्याण्णव."

सिंधूताईंनी भैय्याजींकडे पाहिलं. भैय्याजींनी मोबाइल काढला, बटणं दाबली आणि गंभीरपणे मान डोलावली.

"हळू हाय," सिंधूताई म्हणाल्या. "पण चालू हाय." आणि त्यांनी उरलेलं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आरती ओवाळली.

आरती संपत होती तेव्हा अंकुशच्या खिशातला फोन वाजला. साहेबांचा होता. अंकुशनं हात खिशाकडे नेला, तसा सिंधूताईंनी तो वरच्यावर अडवला, फोन काढला आणि कानाला लावला.

"हॅलो. हो, घरीच हाय. नाही, त्याले नाही देता येत. पूजेत बसवला हाय ना. आमच्यात एकदा कुंकू लागलं का हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत जागचं हलवत नाही. नाही नाही, तब्येत चांगली हाय. पाहून घेतला, चालू हाय."

पलीकडे बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग बराच वेळ आवाजच येत राहिला. सिंधूताई ऐकत होत्या आणि घरातलं प्रत्येक जण त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतं. "बरं. सांगते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हटलं?" अंकुशनं ओठ शक्य तितके कमी हलवून विचारलं.

"काहीतरी टेंडर आलं म्हणते मोठं. विटा काढाले तिथं दुसरा कोणी उरलाच नाही म्हणते." त्यांनी पदरानं डोळ्यांचे कोपरे टिपले आणि लगेच आवाज चढवला. "म्हणते, दसऱ्याचं सोनं वाहून झालं का पहिले त्यालेच उचलून पाठवा."

गुंजननं सोडलेला श्वास भैय्याजींनाही ऐकू आला. तुळजाबाईंनी नारळ पाटापुढं ठेवला आणि जाता जाता अंकुशला वाकून नमस्कार केला. ओमप्रकाशनं खिशातून अर्ज काढला, पाटावरच्या माणसाकडे पाहिलं, आणि देवाकडून सही कशी घ्यावी याचा नियम न सापडल्यानं परत ठेवला.

घर रिकामं झालं. शिऱ्याच्या वाटीकडे निघालेली एक मुंगी वाट बदलून अंकुशच्या पायाच्या अंगठ्यावर चढली. त्यानं आईकडे पाहिलं. सिंधूताईंनी डोळ्यांनीच 'नाही' म्हटलं. मुंगी घोट्यापर्यंत आली, मग पोटरीकडे वळली, आणि परातेंचं हत्यार जागचं हललं नाही.